जुन्या गाडीच्या कूलिंगसाठी स्कॅनर आणि प्रेशर टेस्टर: वापरानंतरचे परीक्षण

पंधरा वर्षांपुढची पेट्रोल गाडी गरम होऊ लागली की मालकाला बहुधा दोनच सल्ले मिळतात: थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) काढून टाका, नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांमधले सील) गेले असे धरून मोठ्या खर्चाची तयारी ठेवा. सल्ला देणाऱ्याने गाडीत काहीही मोजलेले नसते. या परीक्षणातली साधने मोजण्यासाठीच आहेत: ब्लूटूथने मोबाइलला जोडला जाणारा ओबीडी (इंजिनच्या संगणकाची स्वतःचे दोष तपासून सांगण्याची पद्धत) स्कॅनर, रेडिएटरच्या तोंडावर बसवायचा हातपंपाचा प्रेशर टेस्टर, आणि ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो आहे का हे रंगावरून सांगणारा रासायनिक टेस्टर. तिन्ही साधने मी एकाच गाडीवर आणि एकाच तक्रारीसाठी वापरली. गाडीखाली थेंबही दिसत नसताना कूलंटची पातळी हळूहळू उतरत होती आणि गर्दीत अडकल्यावर डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा कधीकधी मधल्या रेषेच्या वर सरकत होता. ही साधने अनेक नावांनी विकली जातात आणि त्यांच्या घडणीत फारसा फरक दिसत नाही, म्हणून एखाद्या नावापेक्षा त्या प्रकाराविषयी लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते. माझे मत आधीच सांगतो: तिन्हींपैकी एकच घ्यायचे असेल, तर मोबाइलवर आकडे दाखवणारा स्कॅनर बाजूला ठेवून दिसायला ओबडधोबड असलेला प्रेशर टेस्टर घ्यावा.

आधी स्कॅनर, कारण बहुतेक जण त्याच्यापासूनच सुरुवात करतात. हे बहुतेक स्वस्त स्कॅनर ईएलएम३२७ या चिपवर किंवा तिच्या नकलेवर चालतात. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ते बसवले की इंजिनचा संगणक जे आकडे जाणतो, ते मोबाइलच्या पडद्यावर दिसू लागतात. मात्र जुन्या गाडीच्या मालकाने खरेदीपूर्वी एक गोष्ट पाहून घ्यावी. ओबीडी-२ ही पद्धत अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली, तर युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेल गाड्यांना त्यानंतर लागू झाली. त्यामुळे सॉकेट आहे म्हणून संवाद होईलच, अशी खात्री या वयाच्या गाड्यांत देता येत नाही. शिवाय त्या काळातल्या पुष्कळ गाड्या आजच्या कॅन पद्धतीने न बोलता के-लाइन या संथ पद्धतीने बोलतात, आणि नकली चिपच्या काही अडॅप्टरांना नेमकी तीच जमत नाही. जोडणी झाली तरी आकडे रेंगाळत येतात. म्हणून पडद्यावर दहा-बारा शोभेची वर्तुळे उघडून न ठेवता कूलंटचे तापमान, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि इंजिनचे फेरे एवढेच निवडावे. मग वाचन पुरेसे वेगाने येते.

स्कॅनर खरा उपयोगी पडतो तो डॅशबोर्डवरच्या काट्याच्या तुलनेत. अनेक गाड्यांमध्ये हा काटा मुद्दामच शांत ठेवलेला असतो. कूलंट साधारण ७५ अंश सेल्सिअस असो वा १०५, काटा मधोमध उभा राहतो, कारण तो सतत हलताना दिसला तर चालक विनाकारण घाबरेल असे बनवणाऱ्यांना वाटते. परिणामी काटा वर सरकेपर्यंत सावध होण्याची बरीचशी वेळ निघून गेलेली असते. स्कॅनरवर मात्र अंश न् अंश दिसतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची सकाळी फक्त चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. दोन्ही आकडे जवळपास सारखे असायला हवेत, आणि त्यांच्यात मोठी तफावत असेल तर इंजिनपेक्षा सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर संशय घ्यावा. कूलंटचे तापमान उणे ४० दिसले तर सेन्सरची तार तुटली आहे किंवा कनेक्टर निघाला आहे असे समजावे. संगणकाकडून आलेल्या आकड्यातून ४० वजा करून अंश काढायचे अशी या पद्धतीची व्याख्याच आहे, त्यामुळे शून्य आले की पडद्यावर ध्रुवप्रदेशाची थंडी दिसते.

त्यानंतर इंजिन सुरू करून आकडा कसा चढतो ते पाहावे. निरोगी गाडीत तो स्थिर गतीने वर जातो, थर्मोस्टॅट उघडू लागतो त्या सुमारास, म्हणजे बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या आसपास, क्षणभर अडखळतो किंवा थोडा खालीही येतो, आणि मग एका पट्ट्यात स्थिरावतो. मोकळ्या रस्त्यावर वेगात चालवताना आकडा ७० च्या पुढे जातच नसेल, हीटर कोमट हवा देत असेल आणि अॅव्हरेज घटले असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे असे बहुधा निघते. याउलट आकडा न थांबता शंभरी ओलांडत असेल आणि वरचा होज पाइप तापलेला असूनही रेडिएटर आणि खालचा होज थंडच असतील, तर थर्मोस्टॅट बंद अडकला आहे किंवा पाणी फिरतच नाही. गाडी जागेवर उभी असताना आकडा चढतो, पंखा सुरू होतो, आकडा उतरतो, पंखा बंद होतो, अशी करवतीसारखी रेघ आलेखात दिसली की पंखा, त्याचा रिले आणि सेन्सर आपापले काम करत आहेत. ती दिसत नसेल तर एसी सुरू करून पाहावे. एसी सुरू करताच पंखा फिरू लागला, तर मोटर शाबूत आहे आणि दोष तिला हुकूम देणाऱ्या साखळीत आहे. तेव्हाही पंखा थंडच राहिला, तर फ्यूज, रिले आणि मोटर यांपासून तपास सुरू करावा. गाडी गर्दीत गरम होते आणि वेगात थंड होते, तेव्हा दोष हवेच्या प्रवाहात शोधावा. गर्दीत ठीक आणि वेगात किंवा चढावर गरम, तेव्हा अडलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप किंवा ओढीमुळे आत चेपला जाणारा खालचा होज यांच्याकडे पाहावे. हा भेद जुन्या मेकॅनिकांना यंत्राविनाही ठाऊक असतो. स्कॅनरमुळे तो आकड्यांत दिसतो, एवढाच फरक.

संगणकाने नोंदलेले दोषांचे कोड वाचण्याची सोय ही या स्कॅनरची सर्वांत जास्त गाजवली जाणारी आणि माझ्या मते सर्वांत जास्त दिशाभूल करणारी बाजू आहे. पी०१२८ या कोडपुढे अॅप बिनदिक्कत 'थर्मोस्टॅट' असे लिहिते. प्रत्यक्षात त्या कोडचा अर्थ एवढाच, की संगणकाच्या हिशेबाने जेवढ्या वेळात इंजिन तापायला हवे होते तेवढ्यात ते तापले नाही, आणि कूलंट कमी झाल्यानेही तेच घडू शकते. पी०११७ आणि पी०११८ हे सेन्सरच्या विद्युतमार्गाचे कोड आहेत, त्यांचा इंजिन गरम होण्याशी थेट संबंध नाही. मिसफायरच्या (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळण्याच्या) कोडांकडे मात्र नीट लक्ष द्यावे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन सकाळी मिनिटभर मिसिंग करून मग सुरळीत होत असेल आणि पी०३०१ किंवा पी०३०२ असा एखाद्याच सिलिंडरचा कोड पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्या सिलिंडरमध्ये रात्री कूलंट झिरपत असल्याची शक्यता तपासलीच पाहिजे. कोड पुसण्याचे बटण मोहात पाडते, पण त्यासरशी दोष नोंदला गेला त्या क्षणीचे तापमान, फेरे आणि भार यांची जपून ठेवलेली नोंदही पुसली जाते. ती आधी वाचून लिहून ठेवावी.

इंजिनच्या बाकीच्या तक्रारींसाठी याच स्कॅनरवरचे फ्यूल ट्रिमचे आकडे, म्हणजे संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त (धन) किंवा कमी (ऋण) इंधन देतो आहे ते, कामाचे आहेत. आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) ट्रिम बराच धन आणि फेरे वाढवताच नेहमीसारखा होत असेल, तर रबरी व्हॅक्यूम पाइप कुठेतरी तडकला असण्याची शक्यता मोठी; आयडलला ठीक आणि भाराखाली धन होत असेल, तर इंधनाचा पुरवठा अपुरा आहे. हा वेगळा विषय असल्याने इथेच सोडतो.

आता स्कॅनरची मर्यादा. कूलंटचा सेन्सर ज्यात बुडालेला असतो त्याचेच तापमान तो सांगतो. पातळी इतकी उतरली की सेन्सर हवेत किंवा वाफेत लोंबकळतो, तेव्हा तो प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवू शकतो, आणि अॅल्युमिनियमचे हेड वाकण्याच्या बेतात असताना पडदा निश्चिंत राहतो. पातळी किती आहे, दाब टिकतो आहे का, झाकण धरते आहे का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर या वयाच्या सामान्य गाडीचा संगणक देऊ शकत नाही, कारण ते मोजणारा सेन्सरच तिच्यात नसतो. शिवाय अडॅप्टर सॉकेटमध्ये विसरून गेल्यास तो बॅटरी थोडी थोडी पीत राहतो, आणि थकलेल्या बॅटरीला तेवढेही पुरते. सॉकेट गुडघ्यापाशी असल्यास पाय लागून तो मोडण्याचीही भीती आहे.

माझ्या तक्रारीत स्कॅनरने सांगितले ते असे: थर्मोस्टॅट वेळेवर उघडतो, पंखा वेळेवर लागतो आणि सेन्सर खरे बोलतो. या माहितीने दोन-तीन सुटे भाग विनाकारण बदलण्यापासून वाचलो, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. कूलंट कुठे जाते हे मात्र त्याने सांगितले नाही.

ते प्रेशर टेस्टरने सांगितले. तो का सांगू शकतो हे समजण्यासाठी दाबाचे काम लक्षात घ्यावे लागते. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मे-निम्मे मिसळले तर सुमारे १०७ अंशांवर. रेडिएटरच्या झाकणाने साधारण १ बार जादा दाब धरला की हाच बिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो, आणि याच फरकावर इंजिनची सुरक्षितता अवलंबून असते. झाकणावर ०.९, १.१, १३, १६, ८८, १०८ असे जे आकडे छापलेले असतात ते अनुक्रमे बार, पीएसआय आणि किलोपास्कल या एककांतले असून झाकण किती दाबाला उघडावे ते सांगतात. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली किंवा रबर कडक झाले की दाब धरला जात नाही, कूलंट लवकर उकळते, वाफ आणि पाणी ओव्हरफ्लोच्या नळीवाटे बाहेर पडते, आणि मालक गळती शोधत गाडीखाली वाकून बसतो. जुन्या गाडीतले रबर, प्लॅस्टिक आणि स्प्रिंग या तिन्ही गोष्टी वयाने थकतात, त्यामुळे दाब न टिकणे हा तिचा स्वाभाविक आजार आहे, आणि तो दाबानेच तपासावा लागतो.

या संचात एक हातपंप, त्यावर बसवलेला दाबमापक, लवचीक नळी आणि निरनिराळ्या तोंडांवर बसणारे अडॅप्टर असतात. वापर सोपा आहे, पण दोन अटी आहेत. पहिली अट सुरक्षेची: झाकण उघडायचे ते इंजिन पूर्ण थंड असतानाच, कारण गरम इंजिनचे झाकण उघडले की दाबाखाली उकळत्या बिंदूच्या वर राहिलेले पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते. दुसरी अट मोजमापाची, आणि सूचनापत्रकात ती मला आढळली नाही: इंजिन अर्धवट कोमट असताना चाचणी घेतली तर ते निवताना दाब आपोआप उतरतो आणि नसलेली गळती असल्याचा भास होतो. म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चाचणी घेणे उत्तम. झाकणावर छापलेल्या दाबापर्यंतच पंप मारावा, त्यापुढे जाऊ नये, कारण वयाने ठिसूळ झालेली प्लॅस्टिकची टाकी जादा दाबाने तडकू शकते. मग दहा-पंधरा मिनिटे काट्याकडे पाहावे. काटा जागेवर राहिला तर बाहेरची गळती बहुधा नाही. तो उतरू लागला तर टॉर्च घेऊन होजच्या क्लिपा, रेडिएटरच्या कडा आणि वॉटर पंपाखालचे बारीक छिद्र तपासावे. ते छिद्र पंपाचे सील झिजल्याची खूण द्यावी म्हणूनच ठेवलेले असते, त्यामुळे तिथे वाळलेल्या कूलंटचा रंग दिसला तर पंपाचे दिवस भरले. बाहेर काहीच सापडत नसेल तर गाडीत पुढच्या प्रवाशाच्या पायांखालच्या गालिच्याला हात लावून पाहावा. हीटरचा छोटा रेडिएटर फुटला की पाणी तिथे उतरते, काचेवर आतून चिकट धुके धरते आणि केबिनमध्ये गोडसर वास येतो.

माझ्या गाडीत काटा अगदी सावकाश उतरत होता, इतका सावकाश की घाईने पाहणाऱ्याला तो स्थिरच वाटला असता. ओल सापडली ती रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी आणि अॅल्युमिनियमची जाळी जिथे एकमेकांवर दुमडून बसवलेली असतात त्या सांध्यावर, पंख्याच्या आवरणामागे. चालत्या गाडीत तिथे आलेले कूलंट गरम जाळीवर पडताच वाळून जाते, म्हणून जमिनीवर थेंब येत नव्हता. त्यानंतर संचातल्या जोडणीवर झाकण बसवून तेही तपासले, तर ते छापील दाबाच्या बऱ्याच आधी सुटत होते. गर्दीत काटा का चढत होता याचा खुलासा त्यातून झाला. झाकण तपासण्याचा हा अडॅप्टर काही संचांत दिलेलाच नसतो. तो नसलेला संच घेऊ नये असे मी आग्रहाने सांगेन, कारण सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित भाग तपासण्याची सोयच त्यात राहत नाही.

या टेस्टरचे दोषही आहेत. दाबमापकाची पट्टी गरजेपेक्षा खूप मोठी आहे, आपले काम तिच्या पहिल्या टप्प्यातच संपते, आणि त्यामुळे बारीक उतार वाचायला काट्यापाशी पेन्सिलने खूण करावी लागते. अडॅप्टरांचे रबरी वॉशर पातळ असून ते नीट न बसल्यास उपकरणच गळते, म्हणून गाडीला जोडण्यापूर्वी नळीचे टोक बंद करून उपकरणाची स्वतःची चाचणी घ्यावी. आटे असलेल्या झाकणांच्या गाड्यांना लागणारे अडॅप्टर एकमेकांसारखे दिसतात आणि त्यांवरचे क्रमांक कोणत्या गाडीचे, हे सांगणारा तक्ता अपुरा आहे. तेव्हा आपल्या गाडीचे झाकण सोबत नेऊन संच पारखावा. पंप आणि धातूची जोडणी यांविषयी मात्र तक्रार नाही.

दाब उतरतो पण बाहेर, खाली किंवा केबिनमध्ये कुठेच ओल नाही, असे झाले तरच तिसऱ्या साधनाकडे वळावे. या टेस्टरमधला निळा द्रव कार्बन डायऑक्साइडच्या संपर्काने पिवळा होतो. काचेची किंवा प्लॅस्टिकची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून इंजिन चालू ठेवायचे आणि रबरी फुग्याने वरची हवा त्या द्रवातून ओढायची. हेड गॅस्केटमधून ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर रंग बदलतो. रेडिएटर इंजिन थंड असतानाच उघडावा, कूलंटची पातळी थोडी खाली आणावी आणि मग इंजिन तापू द्यावे, कारण कूलंट नळीत ओढले गेले की द्रव निकामी होतो. द्रव जिवंत आहे की नाही हे त्यावर श्वास सोडूनही कळते, कारण उच्छ्वासातला वायूही तेच काम करतो. इथे होकाराला वजन आहे, नकाराला कमी. आयडलवर न गळणारे गॅस्केट चढावर भार आल्यावर गळू शकते, आणि डिझेल इंजिनच्या आयडलच्या धुरात हा वायू बराच कमी असल्याने तिथे नकार आणखी कच्चा ठरतो. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच, पाणी तापण्याआधी, वरचा होज दगडासारखा कडक होणे हे मला या रंगापेक्षाही बोलके लक्षण वाटते. तेलाच्या झाकणाखालची दुधी साय मात्र एकटी पुरावा म्हणून धरू नये. फक्त छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही ती जमते.

माझ्या गाडीत ओल सापडली असूनही ही चाचणी घेतली, तर रंग निळाच राहिला. रेडिएटर आणि झाकण बदलले, हेडला हात लावावा लागला नाही. नवा रेडिएटर बसवल्यावर पुन्हा दाब देऊन सांधे तपासले आणि मग स्कॅनर जोडला. कूलंट भरताना आत अडकलेली हवा हीटर पूर्ण गरमवर ठेवून काढत असताना, आकडा अचानक उडी मारून खाली येतो तेव्हा सेन्सरवरून बुडबुडा गेला असे समजते, आणि अशा उड्या थांबेपर्यंत पाणी भरत राहायचे असते. स्कॅनर घेऊन झालाच असेल, तर त्याचे सर्वांत मोलाचे काम मला हेच वाटले.